पोकळ कडं

पुडक्यातून निघालं तेव्हा वाटलं, फसवलं आपल्याला.
साडेनऊ हजारांचं कडं, आणि आत काच नाही.
बोट घातलं तर आरपार.
बोरा बाजारातला मुर्तुझा हसला.
‘बाई, नव्या कॅमेऱ्यातून आरसा गेला ना,
त्याची जागा आहे ही.
तेवढं अंतर राखलं नाही
तर जुन्या लेन्सचे सगळे आकडे चुकतील.’
आणि लेन्स बल्बासमोर धरून, एक डोळा मिटून,
‘बुरशी काढली. पण काच खाल्लीय तिने थोडी.
डाग राहील. फोटोत नाही दिसणार.
उन्हासमोर तेवढी धरू नका.’

लेन्स एक्क्याण्णवची. तीनशे मिलिमीटर.
गोदीच्या बोनसमधले थोडे माझे, थोडे तांडेलांचे.
पंधरवडा त्यांच्याकडे, पंधरवडा माझ्याकडे.
ज्याच्या वाट्याला मोठी ओहोटी जाईल
त्याने दुसऱ्याला एक रविवार द्यायचा,
असा करार होता. तोंडी.
हिशेब खात्यात लोक काय म्हणायचे ते म्हणाले.
हुडावर सुईने कोरलेलं अजून आहे:
वि. तां., आणि खाली, जरा तिरकं, शा. रा.

नव्या बॉडीला ती ओळखूच येत नाही.
पडद्यावर छिद्राच्या आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा,
अर्जात ‘लागू नाही’साठी मारतो तशा.
मीच मेनूत शिरून सांगते: तीनशे.
मागे कन्व्हर्टर चढवला की परत शिरून: चारशे वीस.
दुपटीचा चढवला तर सहाशे,
आणि शिवडीच्या जेट्टीवर, सकाळी सव्वासहाला,
सहाशेच्या हाती उजेडाचा चौथा हिस्सा उरतो.
रोहित जवळ येतात खरे,
पण रव्यात घोळवल्यासारखे दाणेदार.

आपोआप काहीच लागत नाही.
तिला फिरवणारी मोटार जुन्या बॉडीत होती,
ती बॉडी कपाटात, पापलेटासारखी आ वासून.
म्हणजे बोटं पुन्हा रबराच्या कड्यावर.
फिरवत जायचं, तिवरं सोडून, टाक्या सोडून,
नव्या पुलाचा खांब सोडून,
चिखलात एका शेकाट्याच्या पायांपर्यंत.
नेमकं लागलं की त्याच्या कडेने लाल रेघ पेटते,
इरकलीच्या काठासारखी.
पंचवीस वर्षं हे अंदाजाने करत होते मी.

तांडेलांच्या डोळ्यात गेल्या मार्गशीर्षात नवी लेन्स बसवली.
मी विचारलं, जुनी कुठे गेली?
‘फोडून नळीने ओढून घेतात,’ म्हणाले.
‘ठेवायची का, असं कुणी विचारलं नाही.’
आता निळं फार निळं दिसतं म्हणे,
आणि रोहित फिके.
इतकी वर्षं तुझ्या फोटोंवर मी उगाच भाळलो,
असंही म्हणाले. चहा संपवून.

आज दोघेही आलो. स्टूल एकच,
त्यावर ते. गुडघा मानत नाही.
मी तीनशेच ठेवली, कन्व्हर्टर पिशवीत.
असू दे लांब. उजेड आहे तेवढा.
शेकाट्या टिपतोय, टिपतोय, मान वर करत नाही.
पूर्वी आरसा उडाला की खटाक व्हायचं,
निम्मा थवा वळून बघायचा,
आणि तोच दुसरा फोटो चांगला यायचा.
हा कॅमेरा श्वासही घेत नाही.
चाळीस फोटो झाले, सगळे वाकलेल्या पाठीचे.

मग तांडेलांनी टाळूला जीभ लावली
आणि हुबेहूब,
एक्क्याण्णवपासून कानाने पाठ केलेलं,
म्हणाले: खटाक.

त्याने वर पाहिलं.